इंजिन बदलले म्हणून गाडी परकी होते?

साठच्या दशकातली एखादी फोर्ड मस्टँग घ्यायची, तिचे अवजड आठ सिलिंडरचे इंजिन साखळीने उचलून बाहेर काढायचे आणि त्या जागी आजच्या काळातले चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवायचे, हा उद्योग आता अमेरिकेत रुळला आहे. त्यासाठी लागणारी तयार इंजिने खुद्द फोर्ड कंपनीच विकते. जुन्या गाड्यांच्या भक्तांना मात्र हे अजिबात सहन होत नाही. त्यांच्या लेखी ही विटंबना आहे, देवळातली मूर्ती काढून तिथे शोभेची बाहुली बसवण्यासारखी. उलट बाजू म्हणते की गाडी ही चालवायची वस्तू आहे, पुजायची नव्हे. दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते.

मित्रहो, गोव्यात बसून हा वाद ऐकताना मला जरा हसू येते. अमेरिकन गाडीचे इंजिन काढून दुसरेच बसवणे ही आमच्याकडे चैनही नव्हती आणि बंडखोरीही नव्हती. ती पोटापाण्याची गोष्ट होती. आमच्या मेस्त्रींनी हे काम केले तेव्हा त्याला कोणी विटंबना म्हटले नाही आणि कला तर नाहीच नाही. आज मात्र त्या कामाची किंमत ठरवण्याची वेळ आली आहे. कारण 'अस्सल गाडी कोणती?' या प्रश्नाचे उत्तर आता सरकारी नियमात लिहिले गेले आहे, आणि त्या उत्तरात आमच्या मेस्त्रींना जागा नाही.

आधी 'मसल कार' म्हणजे काय ते पाहू. १९६४ साली पाँटियाक या अमेरिकन कंपनीची जीटीओ ही गाडी आली आणि या प्रकाराची खरी सुरुवात तिच्यापासून मानली जाते. जॉन डेलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय केले? मध्यम आकाराची टेंपेस्ट ही गाडी घेतली आणि मोठ्या गाडीसाठी असलेले ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे, इंजिन तिच्यात बसवले. पाँटियाकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. मग जीटीओ ही वेगळी गाडी नाहीच, टेंपेस्टवर ग्राहकाने मागितलेली जादा सोय आहे, अशी पळवाट काढली गेली! म्हणजे जिच्या इंजिनाला हात लावू नका असे आज ठणकावले जाते, ती मसल कार मुळात एका गाडीचे इंजिन दुसरीत घालूनच जन्माला आली. तिच्याही आधीची पिढी पाहा. १९३२ साली फोर्डने स्वस्तातले आठ सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले आणि गावोगावच्या पोरांनी ते जुन्या, हलक्या गाड्यांत कोंबून शर्यती लावल्या. 'हॉट रॉड' म्हणतात ते हेच. तेव्हा परंपराच पाळायची असेल तर ती परंपरा इंजिन बदलण्याची आहे.

टर्बोलाही परका म्हणून हाकलता येणार नाही. इंजिनातून धूर जोराने बाहेर पडतो. त्या वाया जाणाऱ्या जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येते, आणि छोटे इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीत ती विक्रीसाठी प्रथम आली १९६२ साली, आणि तीही अमेरिकेतच: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेर या दोन गाड्यांत. जेटफायरच्या इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरायला विसरत. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. आज संगणकाने चालणारे इंधनाचे पंप आणि सेन्सर आल्यामुळे ते दुखणे उरलेले नाही. १९६५च्या मस्टँगचे ४.७ लिटरचे साधे आठ सिलिंडरी इंजिन कागदावर २०० अश्वशक्तीचे होते. तेव्हा मोजमाप पंखा, सायलेन्सर वगैरे काढून होई, म्हणजे रस्त्यावर त्याहूनही कमी. २०१५च्या मस्टँगमधले २.३ लिटरचे चार सिलिंडरी टर्बो इंजिन ३१० अश्वशक्ती देते. निम्म्या आकाराचे इंजिन आणि दीडपट ताकद! मोह का होणार नाही?

आता आमच्याकडे येऊ.

मसल कार आमच्याकडे रुजण्याचा प्रश्न नव्हता. ती जन्मली १९६४ साली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारताचे आयातीचे कडक नियम आम्हालाही लागू झाले. पण तिच्या आधीच्या पिढीतल्या अमेरिकन गाड्या आमच्या रस्त्यांवर होत्या. १९५५च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने समुद्रमार्गे आयात मोकळी ठेवली. त्याच दशकात डिचोली, सत्तरी, सांगे भागातले लोहखनिज जपानकडे जाऊ लागले आणि हातात पैसा आला. भारतात मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागत असताना गोव्यात मर्सिडीज टॅक्सी म्हणून फिरत होत्या. मुक्तीनंतर इथे आलेल्या पाहुण्यांना त्याचे कोण अप्रूप वाटे! त्यांच्या सोबतीला शेवरोले, डॉज, प्लिमथ अशी लांबरुंद अमेरिकन धुडे होती. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची माणसे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणाऱ्या टोपल्या, सगळे त्या एका गाडीत मावत असे. पाच माणसांची गाडी म्हणून कंपनीने बनवलेल्या त्या वाहनात दहा-बारा जण बसणे यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

आणि मग दोन संकटे आली. पहिले संकट सुट्या भागांचे. भारतात जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, पण पन्नासच्या दशकाच्या मध्याला तो बंद करून कंपनी निघून गेली. फोर्डही गेली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या, पण तिचेही लक्ष पुढे फियाटकडे वळले. त्यामुळे एखाद्या डॉजचा क्रँक गेला तर मुंबईचा चोरबाजार किंवा कुर्ल्याचे भंगारवाले हाच आधार. दुसरे संकट १९७३चे. अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोल भडकले, आणि लिटरमागे जेमतेम पाच-सहा किलोमीटर जाणारे सहा सिलिंडरचे इंजिन टॅक्सीवाल्याला परवडेना. डिझेल त्यापेक्षा बरेच स्वस्त होते. मद्रासची सिंप्सन कंपनी ब्रिटिश पर्किन्सची डिझेल इंजिने भारतात बनवत होती. ट्रकला, ट्रॅक्टरला, बोटीला तीच. ओळखीचे इंजिन, मिळणारे भाग, स्वस्त इंधन. झाले! मुंबईपासून गोव्यापर्यंत कितीतरी अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटखाली इंग्लंडचे रक्त असलेले मद्रासी डिझेल धडधडू लागले.

जगात हे फक्त आपणच केले असे नाही. क्यूबाची गोष्ट तर आमच्या गोष्टीची जुळी बहीण वाटते. १९५९ची क्रांती, मग अमेरिकेची नाकेबंदी, आणि हवानाच्या रस्त्यांवर राहून गेलेल्या पन्नासच्या दशकातल्या शेवरोले आणि ब्यूक. तिथल्या मेकॅनिकांनी त्यांत रशियन गाड्यांची इंजिने घातली, पुढे जपानी आणि कोरियन डिझेल घातले, आणि त्यांच्या टॅक्सी चालू ठेवल्या. आज जगभरचे पर्यटक त्या गाड्यांत बसायला पैसे मोजतात. त्यातल्या इंजिनाचा जन्मदाखला कोणी मागत नाही. दिल्लीच्या फटफटी आठवतात? युद्धातून उरलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे सांगाडा जोडून तीन चाकी केलेल्या त्या रिक्षांनाही पुढे छोटी डिझेल इंजिने बसली होती. १९९८ साली प्रदूषणाच्या कारणावरून त्या बंद झाल्या. क्यूबाने आपला जुगाड जपला आणि मिरवला, आपण आपला भंगारात घातला, एवढाच काय तो फरक.

हे काम दिसते तितके सोपे नाही, हे इथे सांगायलाच हवे. डिचोलीतल्या एका वयोवृद्ध मेस्त्रीकडून मी ते समजून घेतले होते. इंजिन एका देशाचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या देशाचा. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत. मग मधे जाड लोखंडी प्लेट घालायची, आणि ती लेथवर अशी काढायची की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभरही हलता कामा नये. हलला तर शाफ्टच्या टोकाचा बुश खाऊन जातो, क्लच थरथरतो आणि महिन्याभरात गाडी पुन्हा दारात. क्लच प्लेटचा मधला हब गिअरबॉक्सच्या दातांना बसणारा हवा आणि बाहेरची चकती इंजिनाच्या प्रेशर प्लेटला बसणारी. दोन वेगवेगळ्या प्लेटा फोडून, रिव्हेट मारून एक बनवायची. इंजिनाची तेलाची टाकी पुढच्या आडव्या बीमला लागते, मग टाकी कापून पुन्हा वेल्डिंग. डिझेलचे वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बसतात, त्यांचा बंदोबस्त. डिझेल सावकाश फिरते, म्हणून मागच्या डिफरन्शियलचे दाते बदलले नाहीत तर गाडी बैलगाडीसारखी चालते. आणि एवढे करून बॉनेट बंद झाले पाहिजे! कंपनीचा नकाशा नाही, पुस्तक नाही. मोजपट्टी, कॅलिपर, खडू आणि डोळा. मी त्यांना विचारले की मूळ इंजिन काढताना वाईट नाही वाटले? ते म्हणाले, "भाई, गाडी चलता म्हणसर ती जिती. उबी रावली काय मेली." त्यांच्यापुरता प्रश्न तिथेच संपला.

याच काळातली दुसरी गोष्ट कोंटेसाची. हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी १९८४ साली आली. तिला 'भारताची मसल कार' म्हणतात ते तिच्या अंगकाठीमुळे: लांब नाक, चौकोनी खांदे, रस्त्याला चिकटून बसलेली. मूळ आराखडा जनरल मोटर्सच्याच मालकीच्या ब्रिटिश व्हॉक्झॉल कंपनीचा. पण या पैलवानाच्या छातीत इंजिन होते अँबेसिडरचे, दीड लिटरचे, पन्नासेक अश्वशक्तीचे. चढणीवर पुढच्या ट्रकला ओलांडायचे म्हणजे देवाचे नाव घ्यावे लागे. मग कंपनीनेच ते काढून जपानच्या इसुझुचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला, आणि लोकांना वाटले की आत्ता कुठे ही गाडी पुरी झाली. पुढे डिझेल आले, टर्बो डिझेलही आले. २००२ साली कोंटेसा बंद पडली तेव्हा तिचे नाव निघाले ते इसुझुमुळेच. आता मला सांगा, अस्सल कोंटेसा कोणती? पहिली, की सुधारलेली? कारखान्यात बदलले तर 'नवे मॉडेल' आणि डिचोलीच्या गॅरेजात बदलले तर 'भ्रष्ट', हा कुठला न्याय?

हा नुसता चर्चेचा विषय राहिलेला नाही. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी नवी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या खाजगी दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. चांगली गोष्ट आहे. जुन्या गाड्यांना कायद्याने निदान ओळखले. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे ते सांगते, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला.

याचा परिणाम काय? मुंबई-पुण्यातल्या श्रीमंताच्या वातानुकूलित शेडमध्ये उभी असलेली, जिच्या चाकांना कधी चिखल लागला नाही अशी डॉज 'वारसा' ठरते. पेडण्याच्या रस्त्यांवर तीस वर्षे प्रवासी वाहिलेली, जिच्यावर एका घरातल्या तीन मुलांची शिक्षणे आणि दोन मुलींची लग्ने झाली ती डॉज, तिच्यात पर्किन्स आहे म्हणून, भंगार ठरते. मला माहीत असलेली अशी एक गाडी पेडणे तालुक्यात एका घराच्या मागच्या पडवीत उभी आहे. घरच्या म्हाताऱ्याने ती चालवली, त्याच्या मुलाने ती झाकून ठेवली. नातू मोटारींचा नादिष्ट आहे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तालुक्यातल्या जमिनीला सोन्याचे दिवस आले आहेत, जुनी घरे पडताहेत, आणि या घराचाही व्यवहार ठरत आला आहे. गाडीचे काय करायचे यावर घरात तीन मते आहेत. मुलगा म्हणतो भंगारवाल्याला देऊ. बाहेरचा एक संग्राहक ती घ्यायला तयार आहे, पण तो डिझेल फेकून देणार आणि कुठून तरी मूळ सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मिळवून गाडी 'अस्सल' करणार. नातवाला तिच्यात जपानी टर्बो इंजिन घालायचे आहे. आजोबा असते तर काय म्हणाले असते?

माझे मत विचाराल तर त्या गाडीतले सर्वांत अस्सल काय असेल तर ते पर्किन्स. डेट्रॉइटच्या कारखान्यात तशा लाखो गाड्या बनल्या. पण त्या प्लेटचे लोखंड आमच्या लेथवर कापलेले आहे. ते काढून टाकले तर जगातल्या हजारो गाड्यांसारखी आणखी एक गाडी तयार होईल आणि गोव्याचा तिच्याशी असलेला संबंध पुसला जाईल. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली (पाहा, जीटीओचेच साल!) व्हेनिसची सनद तयार झाली. वास्तूवर निरनिराळ्या काळांनी घातलेली भर आदराने राखावी, सगळे खरवडून एकाच काळाची शैली आणणे हा जतनाचा हेतू नव्हे, असे ती सांगते. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' आपल्या ओळखपत्रात मूळ रूपातल्या गाड्या आणि आपल्या काळातच बदल झालेल्या गाड्या असे वेगवेगळे वर्ग करते; दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांना दारातून हाकलत नाही. आपल्या नियमात मात्र एकच खाना आहे.

आणि आपण, आपण तरी 'मूळ'चा एवढा आग्रह कधीपासून धरू लागलो? डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावचा सप्तकोटेश्वर पाहा. कदंबांचे हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी देऊळ मोडले, लोकांनी लिंग नदीपलीकडे आणले, शिवाजी महाराजांनी १६६८ साली देवळाची उभारणी करविली, आणि अलीकडे पुरातत्त्व खात्याने त्याचे नूतनीकरण करून फेब्रुवारी २०२३मध्ये ते पुन्हा खुले झाले. जागा बदलली, भिंती बदलल्या, गावाचे नावसुद्धा देवाबरोबर नदी ओलांडून आले. कोणी म्हणते का की हा सप्तकोटेश्वर नव्हे? आमच्या पेडण्यातला दशावतार घ्या. मशालीच्या जागी पेट्रोमॅक्स आले, पेट्रोमॅक्सच्या जागी वीज आली. गवळणीला साथ करणारी पेटी तर युरोपातून आलेली. आमच्या नाट्यसंगीताने तिला आपलेसे केले, पण आकाशवाणीच्या शुद्धतावाद्यांनी १९४० साली त्या हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली! तीस वर्षे अधिकृत संगीतात पेटी नव्हती आणि गावोगावच्या जत्रांत ती वाजतच होती. शेवटी कोण हरले हे आपल्याला ठाऊक आहे. मला 'व्हिंटेज'च्या या अटीत त्याच बंदीचा वास येतो.

पण थांबा. याचा अर्थ वाटेल त्याने वाटेल त्या गाडीत वाटेल ते इंजिन घालावे असा कोणी काढू नये. शुद्धतावाद्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात एक सत्य आहे. न छेडलेली, कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी एकदाच असते. आठ सिलिंडरच्या त्या इंजिनाचा घोगरा, तुटक आवाज टर्बोच्या चार सिलिंडरांतून येत नाही. तो गेला की गाडीचे बोलणेच गेले. आमच्या मेस्त्रींनी इंजिन बदलले तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज पैसे आहेत, जगभरातून सुटे भाग मागवता येतात. अशा वेळी चांगली चालणारी, अखंड गाडी केवळ हौसेखातर कापणे यात मला पराक्रम दिसत नाही. गरजेने केलेली दुरुस्ती आणि मिरवण्यासाठी केलेली तोडफोड यांच्यात फरक केलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि तिच्याविषयी मेस्त्रीही माझ्या बाजूने होते. पर्किन्स घातले तेव्हा गाडीची ताकद कमी झाली, म्हणून जुने ड्रम ब्रेक पुरले. आजचे टर्बो इंजिन घातले की उलटा प्रकार होतो. तीनशे अश्वशक्ती येतात, आणि खाली तेच साठ वर्षांपूर्वीचे ब्रेक, तेच पाटे, तोच सैल स्टिअरिंग बॉक्स. मागचा ॲक्सल मुरगळतो, चॅसीला पीळ पडतो. पुढे डिस्क ब्रेक, मजबूत ॲक्सल, मोठा रेडिएटर, टर्बोच्या उष्णतेपासून तारा आणि इंधनाच्या नळ्या वाचवणारे आवरण, हे सगळे केल्याशिवाय इंजिन घालणे म्हणजे म्हाताऱ्याला तरुणाचे हृदय बसवून डोंगरावर पळायला लावणे. पणजी-पेडणे हमरस्त्यावर रोज काय घडते ते आपण वर्तमानपत्रात वाचतोच. त्यात भर नको. म्हणून कलम ५२च्या मागचा हेतू मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती पन्नास वर्षांपूर्वीच्या नेक दुरुस्तीला आणि कालच्या टवाळ फेरबदलाला एकाच काठीने हाकण्याविषयी.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात. एक, 'व्हिंटेज'च्या नियमात दुसरा वर्ग असावा: ज्या गाडीचे इंजिन निदान तीस-चाळीस वर्षांपूर्वी बदलले आहे आणि आर.सी. बुकात त्याची नोंद आहे, तिला त्या बदलासह वारसा मानावे. जुनी आर.सी. बुके काढून पाहिली तर इंजिनाचा बदललेला नंबर आणि इंधनाच्या रकान्यातले 'डिझेल' अनेक ठिकाणी रीतसर नोंदलेले दिसेल. म्हणजे पुरावा सरकारकडेच आहे. दोन, ज्यांना आज नवे इंजिन घालायचेच आहे त्यांनी निदान चॅसी कापू नये. जुन्या बोल्टांच्या जागांवर बसेल असे काम करावे, आणि काढलेले इंजिन तेल-ग्रीस लावून, नंबरासह जपून ठेवावे. पुढच्या पिढीला ते परत बसवावेसे वाटले तर दार उघडे असले पाहिजे. चालत्या अखंड गाडीला मात्र हात लावू नये. टर्बोची हौस ज्या सांगाड्याचे इंजिन कधीच गेले आहे त्यावर भागवावी. आणि तीन, हे सर्वांत निकडीचे, मेस्त्रींना विचारून घ्यावे.

निकडीचे अशासाठी की गाड्यांपेक्षा माणसे लवकर संपताहेत. डिचोली, साखळी, म्हापसा भागातल्या गॅरेजांचे निम्मे पोट खाणीवरच्या ट्रकांवर होते. सारमानसच्या धक्क्यापर्यंत खनिज नेणाऱ्या ट्रकांनी या मेस्त्रींना घडवले. मोडलेला भाग दुपारपर्यंत बनवून संध्याकाळच्या खेपेला ट्रक उभा करायचा ही त्यांची शाळा. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारोदार गंजले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा उरलेली आशाही गेली. आता लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू होत असल्या तरी नवे ट्रक संगणकाला जोडून तपासायचे असतात, आणि मेस्त्रीचा मुलगा रेंट-अ-कारच्या धंद्यात गेलेला आहे. अमेरिकन गाडीला मद्रासी इंजिन कसे जोडावे हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही देवळांचे शिलालेख वाचले, लोकगीते गोळा केली, पाककृतींची पुस्तके छापली. या विद्येची मात्र एक वहीसुद्धा भरलेली नाही. का? तर हात काळे होतात म्हणून?

पेडण्याच्या त्या नातवाला मी माझे म्हणणे सांगितले आहे. टर्बो घालायचा तर तुझ्या कमाईने एखादा रिकामा, इंजिन नसलेला सांगाडा घे आणि त्यात घाल. मी पहिला बसायला येईन. पण आजोबांच्या गाडीतले डिझेल चालू कर. त्याचे पंप आणि नोझल आजही दुरुस्त होतात. ज्या मेस्त्रीने ते बसवले त्याचा शागीर्द अजून गावात आहे. त्याला घरी बोलाव, प्लेट कुठे कापली, बोल्ट कुठे सरकवला ते त्याच्याकडून लिहून घे, फोटो काढ. व्हीए नंबर मिळणार नाही, न मिळो. घराचा व्यवहार होण्याआधी गाडी पडवीतून स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली पाहिजे, एवढे बघ.

तो अजून काही बोललेला नाही. संग्राहकाने या महिनाअखेरीपर्यंत उत्तर मागितले आहे.